‘एक्स’ दिसला की आधी पुढचा शब्द बघा

भाषांतराची कामं घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत एका संस्थेच्या जुन्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आला. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे. इंग्रजी शब्द तसेच ठेवून सांगायचं तर ते असं होतं: ‘एक्स-चेअरमन यांनी एक्स ऑफिशिओ ट्रस्टी म्हणून केलेल्या एक्स ग्रेशिया पेमेंटला एक्स पोस्ट फॅक्टो मंजुरी द्यावी, असा एक्स पार्टे आदेश झाला.’

एका वाक्यात पाच एक्स. मला एक्सचा एकच अर्थ ठाऊक होता, माजी. त्यामुळे माझ्या खर्ड्यात ‘माजी पदाधिकारी विश्वस्त’ आले, एक ‘माजी पक्षकार’ आला आणि ग्रेशिया म्हणजे ग्रॅटिट्यूड असावं अशा अंदाजानं ‘कृतज्ञतेपोटी दिलेली रक्कम’ही आली. खर्डा तपासणाऱ्या बाई जुन्या, मुरलेल्या होत्या. त्यांनी ओरडून काही सांगितलं नाही. लाल रेघा मारल्या आणि समासात फक्त एवढंच लिहिलं: ‘ऊन-हून?’

शाळेत पंचमी विभक्तीचे प्रत्यय म्हणून घोकलेले ते दोन तुकडे तिथे पाहून मी बराच वेळ चक्रावलो होतो. पण किल्ली तीच होती. लॅटिनमधला एक्स हा आपल्या ऊन-हूनचा सख्खा नातलग वाटावा असाच वागतो. घरून, पदावरून, बोलण्यावरून, मनातून. यातल्या कुठल्याच शब्दात ‘माजी’ नाही, आणि बहुतेक एक्समध्येही नसतो. त्या दिवसापासून एक्स दिसला की मी ज्या क्रमानं विचार करतो, तो क्रम खाली मांडतो आहे.

पायरी १ : हा तोच एक्स आहे ना?

ही पायरी झटपट होते, पण गाळू नये. देवनागरीत ‘एक्स’ लिहिलं की दोन निराळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. एक म्हणजे ई आणि एक्स ही दोन रोमन अक्षरं मिळून झालेला लॅटिन शब्द. दुसरं म्हणजे नुसतं एक्स हे अक्षर. एक्स-रे मधला एक्स अक्षराचा आहे. विल्हेल्म रोंटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये हे किरण सापडले, त्यांचं स्वरूप कळेना, म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं गेलं. त्या नावात ‘बाहेर’ किंवा ‘माजी’ असं काही शोधू नका. आलेखाचा एक्स-अक्ष तसाच. वनस्पतींच्या संकरित जातींच्या नावात दिसणारी फुली तर अक्षरही नव्हे, ते गुणाकाराचं चिन्ह आहे.

कपड्यांवरच्या एक्सएल मध्ये मात्र गंमत आहे. लिहिताना नुसतं अक्षर, पण ते अक्षर ‘एक्स्ट्रा’चं, आणि एक्स्ट्रा हा शब्द आपल्या लॅटिन एक्सच्याच पोटचा. मूळ अर्थ ‘च्या बाहेर’. नेहमीच्या मापाबाहेरचं ते एक्स्ट्रा.

ग्रीकमध्येही असाच एक्स आहे आणि एक्सोडस, एक्सॉर्सिझम असे शब्द त्या बाजूनं आलेत. तो लॅटिन एक्सचा चुलतभाऊ, अर्थ तोच, ‘बाहेर’. त्याला वेगळं काढायच्या भानगडीत पडू नये, काही बिघडत नाही.

पायरी २ : चिकटलेला, आडव्या रेघेचा की सुटा?

चिकटलेला एक्स म्हणजे एक्झिट, एक्स्पोर्ट, एक्सपायरी यांतला. तो शब्दात विरघळलेला असतो, त्याचं वेगळं भाषांतर करायचं नसतं. तरीही तो ओळखता आला तर शब्दाचा अर्थ पक्का लक्षात राहतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

संस्कृतचे ‘निस्’ आणि ‘उत्’ हे दोन उपसर्ग समोर ठेवा आणि जोड्या लावा. एक्झिट म्हणजे बाहेर जाणं, निर्गमन. एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर वाहून नेणं, निर्यात. एक्स्कॅव्हेशन म्हणजे उत्खनन. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढून काढलेलं, आणि ‘निष्कर्ष’ या शब्दातही कर्षण म्हणजे ओढणंच आहे. एक्सपायर हा मुळात श्वास बाहेर सोडणं, निःश्वास. शेवटचा श्वास सोडला की माणूस एक्सपायर होतो, आणि त्याच क्रियापदानं औषधाच्या बाटलीचाही प्राण जातो. मला सगळ्यात आवडतो तो एक्स्पिडाइट. त्यात पेस म्हणजे पाय दडला आहे. अडकलेला पाय सोडवून मोकळा करणं हा मूळ अर्थ. ‘प्रकरण एक्स्पिडाइट करा’ असं कोणी म्हटलं की मला त्या फायलीचे बांधलेले पाय दिसतात.

निस् या उपसर्गाची एक खोड ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. निर्गमनात तो ‘बाहेर’ आहे, पण निर्धन, निर्भय, निरपराध यांत ‘विना’ आहे. जे बाहेर गेलं ते आत उरलं नाही, म्हणजे त्यावाचून झालं. अर्थ असा सरकतो. लॅटिन एक्स इंग्रजी व्यापारात शिरला तेव्हा तोही अगदी असाच सरकला.

एक्सचं रूप काही व्यंजनांपुढे बदलतं. एफच्या आधी तो इफ् होतो, जसं इफेक्ट, एफर्ट. एम, एल, जे वगैरेंच्या आधी नुसता ई उरतो, जसं एमिग्रेट, इलेक्शन, इजेक्ट. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून असलेलं ‘ई प्लुरिबस उनुम’ म्हणजे ‘अनेकांतून एक’. तिथला ई म्हणजे एक्सच. एमेरिटस प्राध्यापकांतही हाच ई आहे. रोमन सैन्यात ठरलेली सेवा पुरी करून बाहेर पडलेल्या सैनिकाला एमेरिटस म्हणत. सेवा फेडून सन्मानानं बाहेर पडलेला. ‘मानद प्राध्यापक’ म्हणजे ऑनररी, आणि तो वेगळा. एमेरिटसला सरसकट मानद म्हणणं मला खटकतं.

आडव्या रेघेचा एक्स बहुधा ‘माजी’ किंवा ‘वगळून’ असतो, तर सुटा एक्स बहुधा अख्ख्या लॅटिन पदबंधाचा भाग. निदान पुस्तकात तरी असं आहे. प्रत्यक्षात लोक एक्स-ऑफिशिओ, एक्स-पार्टे असं रेघ घालून सर्रास लिहितात, वर्तमानपत्रंही लिहितात. म्हणून रेघेवर विसंबू नका. रेघ ही खूण आहे, पुरावा नाही.

पायरी ३ : एक्सच्या पुढे काय आहे?

सगळा निकाल इथे लागतो. एक्स हा शब्द एकटा मुका असतो, पुढच्या नामामुळे तो बोलायला लागतो.

पुढे माणूस किंवा हुद्दा असेल, जसं मिनिस्टर, चेअरमन, सर्व्हिसमन, वाइफ, तर अर्थ माजी. पुढे ठिकाण असेल, जसं फॅक्टरी, गोडाऊन, शोरूम, तर अर्थ ‘तिथून’, आणि व्यवहारात ‘तिथल्या दारापर्यंतच, पुढचं तुमचं तुम्ही’. पुढे पैसा किंवा लाभ असेल, जसं डिव्हिडंड, बोनस, इंटरेस्ट, तर अर्थ ‘तो वगळून’. पुढे एखादा गट किंवा चौकट असेल तर ‘बाह्य’. एक्स-केडर पोस्ट म्हणजे माजी केडरचं पद नव्हे, संवर्गबाह्य पद. आणि पुढचा शब्द इंग्रजी वाटतच नसेल, ऑफिशिओ, ग्रेशिया, पार्टे, फॅक्टो, निहिलो (म्हणजे ‘काहीच नाही’) असा ओ, आ किंवा ए वर संपत असेल, तर तो लॅटिनमधल्या पंचमीत उभा आहे. तिथे थेट ऊन-हून लावून बघायचं.

लॅटिन व्याकरणात या विभक्तीला अॅब्लेटिव्ह म्हणतात. ऑफिशिउम म्हणजे कर्तव्य किंवा पद, त्याचं ऑफिशिओ होतं. पार्स म्हणजे बाजू, त्याचं पार्टे. मराठीत घर, घरून, बाजू, बाजूनं. एक्स आपल्यापुढच्या नामाचं रूप बदलायला लावतो, जसं आपलं शब्दयोगी अव्यय नामाचं सामान्यरूप करायला लावतं. फरक एवढाच की त्यांचा शब्द आधी येतो, आपला मागून.

पंचमी नुसती जागा दाखवत नाही, हेही मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. ‘गावाहून आला’ यात जागा आहे, ‘लहानपणापासून’ यात काळ आहे, ‘त्याच्या बोलण्यावरून कळलं’ यात आधार आहे. एक्सचं तसंच. जागा, काळ, कारण, आधार, उगम. वाक्यात यातलं काय बसतं ते बघायचं.

पायरी ४ : क्षेत्र ओळखा

कचेरी आणि कोर्ट यांपासून सुरुवात करतो, कारण चुका तिथे महागात पडतात.

एक्स ऑफिशिओ. पदावरून, पदाच्या नात्यानं. मराठीत याला ‘पदसिद्ध’ हा देखणा शब्द आहे. भारताचे उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, राज्यघटनेच्या ६४व्या कलमानुसार. त्यांना सभापती म्हणून वेगळं निवडून यावं लागत नाही, आणि उपराष्ट्रपतिपद सुटलं की सभापतिपदही सुटतं. खुर्ची दुसऱ्या खुर्चीला बांधलेली असते, माणसाला नाही. म्हणून समितीच्या यादीत पदसिद्ध सदस्याचं नाव लिहू नका, पद लिहा. नाव लिहिलं की बदली झाल्यावर यादी खोटी ठरते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. पदसिद्ध सदस्य म्हणजे शोभेचा, त्याला मत नसतं, असं लोक बिनधास्त सांगतात. ‘पदसिद्ध’ हा शब्द फक्त सदस्यत्व कसं मिळालं ते सांगतो. अधिकार किती ते त्या संस्थेचे नियम सांगतात. नियमांत मत नाकारलेलं नसेल तर सभाशास्त्राच्या रूढ संकेताप्रमाणे इतरांसारखंच त्यालाही मत असतं.

एक्स पार्टे. पार्टे म्हणजे बाजूनं. एका बाजूकडून. आपला ‘एकतर्फी’ त्याला तंतोतंत बसतो, कारण तर्फ म्हणजेही बाजूच. कोर्टाच्या आवारात सगळे ‘एक्सपार्टी’ म्हणतात, ‘तो एक्सपार्टी झाला’ असंही म्हणतात, म्हणजे नोटीस मिळूनही हजर झाला नाही. त्या उच्चारामुळे पार्टी म्हणजे पक्षकार असा भास होतो आणि माझ्यासारखा नवखा ‘माजी पक्षकार’ लिहून मोकळा होतो. एकतर्फी आदेश दोन तऱ्हांनी होतो: तातडी आहे म्हणून दुसऱ्या बाजूला न कळवताच, किंवा कळवूनही ती बाजू न आल्यामुळे. भाषांतर करताना कुठला प्रकार आहे ते पुढच्या ओळींतून शोधा. शब्द एकच असला तरी वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते यावर ठरतं. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीचे नवे नियम आले तेव्हा पहिल्या प्रकाराला सरळ ‘नोटिशीविना’ असं साध्या इंग्रजीत नाव दिलं आणि लॅटिनला रजा दिली. आपल्याला ‘एकतर्फी’ आधीपासून मिळालेला असताना आपण मात्र ‘एक्सपार्टी’च म्हणतो.

जुन्या इंग्लिश निकालांच्या शीर्षकात, पक्षांच्या नावांपुढे, एक्स पार्टे आणि मग एखादं नाव दिसलं तर तो आदेश एकतर्फी होता असं समजू नका. तिथे अर्थ ‘अमुकच्या अर्जावरून’ एवढाच असतो. पुन्हा ऊन-हूनच.

एक्स ग्रेशिया. ग्रेशिया म्हणजे मर्जी, अनुग्रह. मर्जीतून, हक्कातून नव्हे. मराठीतलं ‘सानुग्रह’ हे त्याचं अगदी नेमकं रूप, त्यात अनुग्रह आहेच. या शब्दाचं सगळं वजन त्यातल्या न बोललेल्या भागात असतं: आम्ही पैसे देतो आहोत, पण द्यायला बांधील होतो असं कबूल करत नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या युद्धनौकेनं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं आणि २९० माणसं गेली. १९९६ च्या तडजोडीत अमेरिकेनं मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, पण एक्स ग्रेशिया. कायदेशीर जबाबदारी मान्य न करता. एवढ्या मोठ्या रकमेच्या मागे दोन शब्द असे उभे असतात. म्हणून याचं भाषांतर ‘नुकसानभरपाई’ असं कधीही करू नये. भरपाई म्हटलं की देणं कबूल केल्यासारखं होतं, आणि मूळ कागदात नेमकं तेच टाळलेलं असतं. ग्रॅच्युइटी हा शब्दही ग्रेशियाच्याच कुळातला, पण तिला अनेक ठिकाणी कायद्यानं हक्काचं रूप दिलं. सानुग्रह रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवरच राहिली.

एक्स पोस्ट फॅक्टो. फॅक्टो म्हणजे केलेलं, पोस्ट म्हणजे नंतर. कार्यानंतर, म्हणून ‘कार्योत्तर’. खर्च आधी झाला, कागद मागून आला, की कार्योत्तर मंजुरी. कचेरीत हा शब्द रोज फिरतो आणि मंजुरीपुरता तो पुरेसा आहे. पण हाच पदबंध कायद्याला लागला की प्रकरण गंभीर होतं. कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता तो मागाहून कायदा करून गुन्हा ठरवणं, हा एक्स पोस्ट फॅक्टो कायदा. मानवी हक्कांच्या १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्यातल्या ११व्या कलमानं ते नाकारलं आहे, अमेरिकेच्या संविधानात त्याला मनाई आहे, आपल्या राज्यघटनेच्या २०व्या कलमाचा पहिला भागही त्यासाठीच आहे. तिथे ‘कार्योत्तर कायदा’ म्हणण्यापेक्षा ‘पूर्वलक्षी प्रभावाचा फौजदारी कायदा’ म्हटलेलं वाचकाला कळतं. नुसतं ‘पूर्वलक्षी’ पुरत नाही, कारण मागच्या तारखेपासून लागू होणारा प्रत्येक कायदा निषिद्ध नसतो. पूर्वलक्षी कर असू शकतो, पूर्वलक्षी वेतनवाढ तर सगळ्यांना हवीच असते.

अर्थशास्त्रात याच्या जवळची एक जोडी आहे: एक्स आन्टे आणि एक्स पोस्ट. स्वीडनचे गुन्नार मिर्दाल यांनी ती रूढ केली. आधीपासून पाहिलेलं आणि नंतर पाहिलेलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरवलेली बचत ही एक्स आन्टे, आणि तीस तारखेला खरोखर हातात उरलेली ती एक्स पोस्ट. मराठीत ‘योजलेली’ आणि ‘झालेली’ म्हटलं तरी पुरतं, त्यासाठी अवजड शब्द घडवायची गरज मला वाटत नाही.

आता बाजार. शेअर बाजारात एक्स-डिव्हिडंड म्हणजे लाभांशविना. ज्या दिवसापासून शेअर असा लाभांशविना विकला जातो ती एक्स-तारीख; त्या दिवशी किंवा त्यानंतर शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही, तो विकणाऱ्याकडेच राहतो. याची उलट बाजू कम-डिव्हिडंड, लाभांशासह. कम हाही लॅटिनच. एक्स-तारखेला भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो, त्यात घबराटीचं काही नसतं, शेअरमधून तेवढा पैसा बाहेर पडलेला असतो. निर्धनातला निस् आठवा. एक्स-बोनस, एक्स-राइट्स यांचीही तीच गत. नवे गुंतवणूकदार ‘एक्स-डिव्हिडंड डेट’चा अर्थ लाभांश मिळण्याची तारीख असा घेतात आणि नेमके त्याच दिवशी शेअर घेतात. हवा असेल तर आदल्या दिवसापर्यंत घ्यायचा असतो.

मालाच्या व्यवहारात एक्स म्हणजे जागा. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानं खरेदी-विक्रीच्या अटींचा संच पहिल्यांदा १९३६ मध्ये काढला, इन्कोटर्म्स म्हणतात तो. २०२० च्या आवृत्तीतही ‘एक्स वर्क्स’ ही अट आहे. विकणारा आपल्या कारखान्यात किंवा गोदामात माल तयार ठेवतो, आणि तिथेच त्याचं काम संपतं. गाडीत माल चढवणंही घेणाऱ्याचं, निर्यातीची कागदपत्रंही घेणाऱ्याची. दर स्वस्त दिसतो तो यामुळे. दोन पुरवठादारांचे दर शेजारी ठेवताना एक एक्स वर्क्स आणि दुसरा पोहोच असेल तर ती तुलनाच नव्हे. पूर्वी ‘एक्स शिप’, ‘एक्स की’ अशाही अटी असत, जहाजावरून आणि धक्क्यावरून. पुढे त्यांची जागा दुसऱ्या अटींनी घेतली, आणि २०१० मध्ये त्याही काढून टाकल्या गेल्या. गाडीच्या एक्स-शोरूम किमतीतला एक्स या घराण्यातलाच, शोरूमच्या दारापर्यंतची किंमत. दाराबाहेरच्या रस्त्यावर गाडी आणायचा खर्च, म्हणजे नोंदणी आणि विमा, त्यात नसतो.

विज्ञानात दोन जोड्या पाठ असल्या की बहुतेक काम भागतं. इन सिटू म्हणजे जागच्या जागी, एक्स सिटू म्हणजे मूळ जागेपासून दूर. जंगल राखणं पहिल्यात येतं. बियाणं गोठवून साठवणं दुसऱ्यात, २००८ मध्ये उघडलेली स्वालबार्डची बीजतिजोरी हे त्याचं ठळक उदाहरण. इन व्हिवो म्हणजे जिवंत शरीरात, आणि एक्स व्हिवो म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतीवर किंवा अवयवावर. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे दोन संशोधकांच्या नावांमध्ये एक सुटा एक्स दिसतो, तो वेगळाच. पहिल्यानं नाव सुचवलं, पण नियमाप्रमाणे प्रसिद्ध केलं दुसऱ्यानं, असा तो अर्थ. म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याच्या हातून. जागा कमी पडली तर पहिलं नाव गाळता येतं, दुसरं नाही.

उरलेल्यांत एक्स लिब्रिस पुस्तकाच्या आतल्या पानावर भेटतो, ‘अमुक यांच्या ग्रंथसंग्रहातून’, आणि हे वाचल्यावर पुस्तक परत करायची आठवण व्हावी असा हेतू असतो. एक्स कथेड्रा म्हणजे आसनावरून; १८७० च्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलं की पोप या आसनावरून श्रद्धेबद्दल किंवा नीतीबद्दल जे निश्चित करतील ते प्रमादरहित. रोजच्या बोलण्यात त्याला आपण टोमणा मारून ‘अधिकारवाणी’ म्हणतो. डेउस एक्स मकिना म्हणजे यंत्रातून उतरलेला देव. ग्रीक रंगभूमीवर शेवटी गुंता सुटेना की यारीला टांगून देव खाली सोडत, आणि अॅरिस्टॉटलपासून सगळे त्यावर नाकं मुरडत आले. आणि शाळेतली एक्स्टेंपोर स्पर्धा, ती म्हणजे एक्स टेंपोरे, त्या क्षणातून. उत्स्फूर्त. उत् पुन्हा आलाच.

पायरी ५ : ‘माजी’ असेल तरी सावध

एक्सचा ‘माजी’ हा अर्थ उशिरा आला. रोममध्ये कॉन्सल हे पद भोगून उतरलेल्याला ‘एक्स कॉन्सुले’ म्हणू लागले, कॉन्सलपदावरून आलेला. पदावरून उतरलेला, म्हणून माजी. म्हणजे मुळात इथेही ऊन-हूनच होतं, फक्त घासून गुळगुळीत झालं. पुढे ही सवय इतकी वाढली की ‘एक्स’ स्वतःच नाम झालं आणि ‘माझा एक्स’, ‘तिची एक्स’ असं म्हणायला पुढचा शब्दही लागेनासा झाला. मराठीत त्याचं लिंग माणसाप्रमाणे बदलतं, आणि अनेकवचन करायला काही लावावं लागत नाही: ‘तिचे दोन्ही एक्स’.

‘माजी’ लिहिताना तो कोणाला लागतो ते पाहा. ‘माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष’ यात विद्यार्थी माजी आहेत, अध्यक्ष आजचे. ‘विद्यार्थी संघाचे माजी अध्यक्ष’ यात उलट. आणि ‘माजी विद्यार्थी संघाचे माजी अध्यक्ष’ही असू शकतात, बिचारे. इंग्रजीतली आडवी रेघ इथे मदतीला येत नाही, मराठीत शब्दाची जागाच सगळं करते. ज्याला लागतो त्याच्या अगदी अंगाला चिकटवून ‘माजी’ ठेवायचा.

पायरी ६ : देवनागरीत ठेवायचा की मराठी करायचा?

माझा नियम सोपा आहे. रुळलेला मराठी शब्द असेल तर तोच: पदसिद्ध, सानुग्रह, एकतर्फी, कार्योत्तर, संवर्गबाह्य, माजी. बाजारातल्या संज्ञा मात्र तशाच ठेवतो, एक्स-डिव्हिडंड, एक्स वर्क्स, कारण वाचकाला त्या शब्दानंच पुढे व्यवहार करायचा असतो. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ एका वाक्यात सांगतो. लॅटिन पदबंधात रेघ घालत नाही, सुटा लिहितो. ‘माजी’ किंवा ‘वगळून’ असेल तिथे रेघ घालतो. ‘एक्स-ऑफिशिओ पदसिद्ध सदस्य’ असा दोन्हींचा डबल बार मी अधिकृत पत्रांतही पाहिला आहे. एकच पुरे.

आता ते पहिलं वाक्य सोडवू. चेअरमनपुढचा एक्स, पुढे माणूस, म्हणून माजी. ऑफिशिओ, पदावरून. ग्रेशिया, मर्जीतून. पोस्ट फॅक्टो, कार्यानंतर. पार्टे, एका बाजूकडून. ‘माजी अध्यक्षांनी पदसिद्ध विश्वस्त म्हणून दिलेल्या सानुग्रह रकमेला कार्योत्तर मंजुरी द्यावी, असा एकतर्फी आदेश झाला.’ पाच एक्स, पाच वेगळे मराठी शब्द, आणि एक्स कुठेच नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी हेच लिहून दिलं. बाईंनी तरीही पहिल्या शब्दाखाली एक रेघ ओढली. विश्वस्तपद अध्यक्षपदाला बांधलेलं होतं, आणि पैसे त्यांनी पदसिद्ध विश्वस्त म्हणून दिले होते. म्हणजे पैसे देताना ते अध्यक्ष होतेच. माजी झाले ते नंतर, आदेश लिहिला गेला तेव्हा. ‘माजी’ खोडून त्यांनी वर ‘तत्कालीन’ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.